नऊ नंबरचं पाणी

नऊ नंबरच्या खाणीत स्फोट झाला तेव्हा पाच जण खाली होते. चौघांना वर काढलं. पाचवा माझा भाऊ दाउरेन, तो कोसळलेल्या बोगद्यापलीकडे राहिला. आग विझली की काढू, काढू म्हणता चौदा महिने गेले. तेवढे दिवस मी पंपघरातली एकही पाळी चुकवली नाही. पंप थांबला की खाण पाण्याने भरणार आणि मग दाउरेन कायमचा खाली.

आई त्याला गेला म्हणायला तयार नव्हती. पुरलेला नाही तर मेलेला कसा? शुक्रवारी आमच्यात मेलेल्यांच्या नावाने सात पोळ्या तळतात. दाउरेनसाठी आमच्या चुलीवर कढई चढली नव्हती.

मार्चमध्ये राजधानीहून, अस्तानाहून कमिशन आलं. कोळसा बंद, टेकडीवर पवनचक्क्या, तरुणांना नवं काम शिकवणार, म्हाताऱ्यांना पेन्शन. योजना चांगली होती, खोटं का बोलू? आमच्याकडे बर्फसुद्धा काळं पडतं. पण खाण बंद म्हणजे पंपही बंद, आणि त्याशिवाय योजना सुरू होणार नव्हती. गावाने हात वर करून मत द्यायचं होतं. स्टेजवर भला मोठा फलक लावला होता, ‘कुणालाही मागे ठेवणार नाही.’

मी उठले. “आणि दाउरेनला कुठे ठेवणार?”

कमिशनच्या बाईंनी मान खाली घातली. “त्यांच्या नावाचा स्तंभ उभारू, ताई.”

“स्तंभाखाली काय पुरणार? तुमची फाइल?”

मागून कुणीतरी म्हणालं, “उमित, बस गं खाली. आमची पोरं खोकून खोकून बेजार झालीत.”

हात वर झाले. सेयित आगांचाही झाला. ते माझे मुकादम, दाउरेनला खाणीत त्यांनीच लावलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“बरं,” मी म्हणाले. “पुरायचंच ठरवलंत ना, मग नीट पुरा. मोठा व्हॉल्व्ह बंद करायला चाक चाळीस वेळा फिरवावं लागतं. ज्याने हात वर केलाय त्याने येऊन एकेकदा फिरवायचं. कबरीत मूठ मूठ माती टाकता, तसं. हे काम माझ्या एकटीच्या गळ्यात मारू नका.”

मला खात्री होती, एक जण फिरकायचा नाही. आणि कुणी आलं नाही तर मी पंपघराला आतून कडी घालणार होते. मग बघू कोण पंप बंद करतो ते.

ठरलेल्या दिवशी दुपारी पंपघरासमोर रांग लागली. सगळ्यांत पुढे सेयित आगा. त्यांनी चाक फिरवलं, हात सोडला, बाजूला झाले, मगच पुढच्याने चाकाला हात घातला. कबरस्तानात फावडं आम्ही हातातून हातात देत नाही. पहिला खाली ठेवतो, दुसरा उचलतो. इथेही तसंच चाललं होतं, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण माणसं इतक्या अदबीने आली होती की ओरडू तरी कुणावर?

एकोणचाळीस झाले. रांगेत जे उरले होते, ते नुसते चाकाला हात लावून गेले. शेवटचा फेरा मी दिला आणि बटण दाबून पंप थांबवला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत मला माझा श्वास ऐकू आला.

घरी आले तर जिन्यातच तेलाचा वास. शुक्रवार नव्हता. आई पोळ्या तळत होती, सहा झाल्या होत्या.

“किती जण आले होते?” तिने विचारलं.

“सगळे.”

तिने सातवी लाटायला घेतली. “खालचं पाणी गार असतं का गं?”

“नाही आई. एवढ्या खोल कोमट असतं.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “त्याला गार पाणी कधी सोसलं नाही.” आणि तिने पोळी तेलात सोडली.