चार वेढे जास्त

गोजरबाईच्या घरात डावखुरं कुणी नव्हतं. निदान चारचौघांत ती तसंच सांगायची. नात अपेक्षा लहानपणी डाव्या हातानं भाकरी मोडायला लागली, तेव्हा तिनं तो हात फडक्यानं बांधून ठेवला होता. पोरगी उजव्या हातानं जेवायला शिकली. धनुष्याची दोरी मात्र ती डाव्या हातानंच ओढायची, आणि त्यावर घरात कुणी शब्द काढायचा नाही.

मोडनिंबजवळच्या त्यांच्या गावात जत्रेला देवीचा नारळ पाडायचा मान याच घराचा. घरातला एक पुरुष देवळाच्या बाजूला, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या डाव्या अंगाला, बांबू आडवा धरून उभा राहतो. बांबूच्या टोकाला नारळ लोंबतो. चाळीस पावलांवरून एकच बाण सुटतो. गोजरबाईचा नवरा हिंदुराव बाण मारायचा; तो गेल्यापासून मान पडूनच होता. यंदा सोलापूरला कॉलेजात असलेली अपेक्षा बाण मारणार होती. बांबू धरणार होता तिचा बाप, नवनाथ.

बाणाचं वजन बघायची गोजरबाई. हिंदुरावाची शिकवण तिला पाठ होती. बाण डावीकडं गेला तर टोक हलकं समजायचं, तांब्याच्या तारेचे वेढे वाढवायचे. जरा जडच ठेवायचं. मग चुकला तरी उजवीकडं मोकळ्या रानात जाईल, बांबूवाल्याकडं नाही.

जत्रेच्या आदल्या सकाळी घरामागच्या परड्यात वीस पावलांवर कडब्याचं पोतं ठेवलं. पिसं लावली की बाणाचा दोष झाकला जातो, म्हणून पहिला बाण बिनपिसांचा. तो वीतभर डावीकडं लागला. गोजरबाईनं सोलापूरच्या नवी पेठेतून आणलेल्या तारेचे दोन वेढे चढवले. पुढचा बाण दीड वीत डावीकडं.

"आज्जी, वजन वाढवलं की जास्तच जातोय गं."

"तुझा हात हलतोय. माझी तार न्हाय हलत." तिनं आणखी दोन वेढे आवळले.

नवनाथ हसला. "आई, पोरीनं बापाला पाडलं तर पेपरात फोटू येईल की."

"तुझं तोंड बांध त्या बांबूला!"

पिसं लावल्यावर बाण पोत्यात बसला, पण डावीकडच्या काठाला. अपेक्षानं आजीकडं पाहिलं. गोजरबाईनं तार डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी हलगी कडाडत होती. नवनाथनं चपला काढल्या, त्यांच्यामागं अनवाणी उभा राहिला, बांबू धरला. पुजारी बसप्पानं बाणाला कुंकू लावलं. कुंकू लागलेला बाण बदलायचा नाही, त्याच्या टोकाला हात लावायचा नाही. गोजरबाई देवळाच्या पायरीवर नेहमीच्या जागी बसली. अपेक्षानं धनुष्य उचललं, आणि गोजरबाईला पोरीचं तोंड दिसलं.

या पायरीवरून चाळीस वर्षं तिनं हिंदुरावाची पाठच बघितली होती.

हिंदुराव दोरी उजव्या हातानं ओढायचा; पोरगी डाव्या हातानं, म्हणून उलटी उभी होती. मग बाणाचंही उलटंच. जड टोक मोकळ्या रानात नाही, देवळाकडं ओढणार. नवनाथकडं. आणि चार वेढे तिनंच घातले होते.

बाण सोडायची घंटा वाजायच्या आत ती उठली. नवनाथचा सदरा धरला आणि त्याला बांबूसकट ओढत नारळाच्या पलीकडं, उजव्या अंगाला नेलं.

"काकू!" बसप्पा ओरडला. "देवीकडची बाजू सोडता येत न्हाय!"

"देवीला म्हणावं, गोजरी बघून घेईल. तू घंटा वाजव."

"आई, झालं काय?"

"गप उभा ऱ्हा."

घंटा वाजली. बाण सुटला. नारळ हललासुद्धा नाही. बाण त्याच्या डावीकडून, नवनाथच्या चपलांवरून गेला आणि मागच्या कडुनिंबात छातीच्या उंचीवर रुतला. हलगी थांबली.

"मान गेला," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

अपेक्षा धनुष्य घेऊनच धावत आली. "आज्जी, माझा हात हलला."

गोजरबाईनं तिचा डावा हात आपल्या हातात घेतला. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "हात न्हाय हलला. माझी नात डावखुरी हाय. वेढे मी चुकवले."

घरी तिनं भाकरी पोरीच्या डाव्या हाताला वाढली. नवनाथ अनवाणीच आला होता. त्या चपला आणायला कुणी गेलं नाही.