ओसरीत एक हजर

"अकराला लाइन बंद म्हणजे बंद, मावशी," जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत डोकं खुपसून वायरमन म्हणाला. "आत पाणी शिरलंय, ठिणग्या उडताहेत. माझ्यावर रागावलात म्हणून विजेला अक्कल येणार आहे का?"

"अहो, पण माझा लॅपटॉप..."

"चार तास बंद राहिला तर काय झुरून मरणार आहे?"

"हो," कठडा घट्ट धरून ऑपरेटरबाई म्हणाल्या. "मरणारच आहे."

वायरमनने डोकं बाहेर काढलं. बाईंच्या तोंडावर थट्टा नव्हती. "दहा वीस झालेत. अकरापर्यंत थांबतो. पुढे एक मिनिट नाही. वर लेकराबाळांची घरं आहेत."

ऑपरेटरबाई दोन जिने चढल्या. गुडघे कुरकुरले, पण आज त्यांचं ऐकायला वेळ कुणाला होता?

बत्तीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर बसल्या होत्या. आता त्यांचा बोर्ड म्हणजे खिडकीशी मांडलेला मुलाचा जुना लॅपटॉप. त्याची बॅटरी केव्हाच गेलेली, भिंतीच्या तारेवर त्याचा जीव. पडद्यावर एकच पान उघडं असे, आणि त्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं असे, 'हजर: १'.

मुलाने हे पान केलं ते डायलिसिसच्या खाटेवर. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास यंत्राला जोडून पडायचं. शेजारच्या खाटाही तशाच. कंटाळलेल्या माणसांनी आपापल्या मोबाईलवर बोलावं, गावं आणि एकमेकांना ऐकवावं, एवढाच डाव. पानाचं नाव ठेवलं ओसरी.

"पण एवढे आवाज ठेवलेस कुठे?" त्यांनी विचारलं होतं.

"कुठेच नाही, आई. मधे मोठं यंत्रबिंत्र नाही. ज्याने ब्राउझरमध्ये ओसरी उघडली, त्याचा ब्राउझरच सर्व्हर. तुझ्याकडून मला, माझ्याकडून शेजारच्या खाटेला. एक जरी खिडकी उघडी असली तरी ओसरी नांदती. शेवटची मिटली की संपलं."

"आणि मालक कोण?"

"वॉर्डात कुणी मालक असतो का गं?"

एके काळी कोपऱ्यात 'हजर: ४१' होतं. मग खाटा रिकाम्या होत गेल्या. घरच्यांना ते आवाज ऐकवेनात, तशा खिडक्याही मिटत गेल्या. मुलगा गेला, आणि महिन्याभराने सुनेने आपली खिडकी मिटली. "नाही ऐकवत मला, आई," ती म्हणाली होती. "मिटलीस ना? मग माझा उंबरठाही तुला मिटला," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला होता. त्याला आता आठ महिने झाले.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एकदा म्हणालाही होता, "काकू, सगळं पेनड्राइव्हवर उतरवून देतो." बाईंनी त्याला जवळजवळ हाकललंच. बोर्डावरची पहिली शिकवण अशी होती की जोडायचं, पण ऐकायचं नाही आणि टिपायचं तर मुळीच नाही. दुसऱ्याचं बोलणं उतरवून घेणारी ऑपरेटर ही चोरच. बत्तीस वर्षं पाळलेला तो नेम आज गळ्याशी आला होता.

दहा पंचवीसला त्यांनी बटणांच्या मोबाईलवर सुनेचा नंबर दाबला.

"आई?" सुनेचा आवाज दचकला. "बऱ्या आहात ना?"

"ओसरी उघड. आत्ता. अकराला इथली वीज जातेय."

"मी लॅबमध्ये आहे. नळ्यांवर चिठ्ठ्या लावतेय, समोर रांग आहे..."

"रांग थांबेल. पोरी, तुझ्या पाया पडते."

पलीकडे खुर्ची सरकली. "असं नका बोलू. पानाचा पत्ता सांगा."

बाईंनी पत्ता सांगितला. एकेक अक्षर सुटं, स्वच्छ, बोर्डावर सांगत तसं. कोपऱ्यात आकडा हलला. हजर: २.

"सतरा आवाज आहेत," सून म्हणाली. "ज्यावर बोट ठेवीन तो आधी येईल. कुठला घेऊ?"

"नंबराने घे."

तोंडातून शब्द आपसूक निघून गेले. मंत्री असो की हमाल, आधी आला त्याला आधी जोडायचं. मुलानेही सगळ्यांचं बोलणं आधी भरून घेतलं होतं आणि स्वतःचं शेवटी. त्याचा नंबर सतरावा.

एक आला, दोन आले. लाइन मुंगीच्या पायाने चाललेली. "स्क्रीन विझली की थांबतं हो हे," सून म्हणाली. "एक हात चिठ्ठ्यांना, एक तुमच्या ओसरीला." सातवी शिंप्याची म्हातारी. तिने गायलेलं बाईंना तोंडपाठ होतं:

हाताला माझ्या नळी, नळीला जडली तार
तारेच्या टोकाला गं, कुणाचं उघडं दार

दहा पन्नासला बारा झाले. दहा छप्पनला पंधरा.

"सोड नंबर!" बाई एकदम ओरडल्या. "सतरावा घे! त्याचा घे गं!"

"सोळावा निम्मा आलाय, आई. कोण आहे?"

बाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. सोळावी आठवीतली पोर. पाढे म्हणायची, एकोणिसाच्या पाढ्यात अडायची आणि सगळा वॉर्ड तिला सांगायचा.

"होऊ दे," त्या म्हणाल्या. "तिचं होऊ दे."

सोळावा संपला आणि सतरावा सुरू झाला. बाई जिन्याच्या तोंडाशी धावल्या. "दोन मिनिटं हो! फक्त दोन!"

"जळका वास येतोय, मावशी!" खालून आवाज आला. "नाही थांबता येत!"

बाई परत आत येईतो खोलीतला पंखा मंदावला. पडदा काळा झाला आणि त्यात बाईंना आपलाच चेहरा दिसला.

मोबाईल अजून कानाला होता. "किती आलं गं?"

"सतराव्याच्या नऊ तुकड्यांतला एक." मग घाईघाईने, "पण मी मिटत नाही, आई. काही झालं तरी मिटत नाही."

साडेतीनला वीज आली. बाईंनी पान उघडलं. कोपऱ्यात आधी एक, मग दोन. सोळा आवाज एकेक करून घरी परतले. सतराव्यावर बोट ठेवायचा धीर त्यांना झाला नाही.

सहाला दारात सून उभी. खांद्यावर पर्स, पर्समधून निघालेली चार्जरची वायर, तळव्यात मोबाईल. अंगठा अजूनही पडद्यावर मागे-पुढे फिरत होता. उंबरठ्याशी ती थबकली.

"ये की आत," बाई म्हणाल्या.

दोघी लॅपटॉपसमोर बसल्या. सतरावा लावला तो सुनेने. आधी यंत्राची घरघर. मग कुणीतरी घसा खाकरला.

"हं... ऐकू येतंय का?"

आणि पुढे काही नाही.

सुनेने डोळे मिटून घेतले. तिचा अंगठा तेवढा फिरतच राहिला. बाईंनी पाठ ताठ केली, साडी गुडघ्यावर सारखी केली आणि पडद्याकडे जरा वाकून बोर्डावरच्या त्या स्वच्छ, सावकाश आवाजात म्हणाल्या,

"येतंय. बोला."