गवंड्याच्या मांडीतलं प्रथिन

मित्रांनो, एका गवंड्याच्या मांडीत राहणारं मी प्रथिन. आता जुनं झालेलं. थोड्याच अक्षरांतून हजारो शब्द होतात ना, तशी वीस प्रकारच्या अमिनो आम्लांतून आम्ही सगळी प्रथिनं घडतो. ती मण्यांसारखी एकापुढे एक गुंफायची, मग त्या साखळीनं घडी घालायची. क्रम चुकला की काम बिघडलं. या आम्लांतली काही शरीर स्वतः बनवतं. नऊ मात्र जेवणातूनच यावी लागतात.

माझं काम ओढायचं. गवंडी विटा घेऊन शिडी चढायचा तेव्हा आम्ही सगळी एकदम जोर लावायचो. "मांड्या नाहीत, खांब आहेत खांब!" तो म्हणायचा, आणि आम्ही फुलून जायचो.

मग तो परांचीवरून पडला. पोटरीला खोल जखम झाली. ती भरायला नवी प्रथिनं हवीत, त्यांना अमिनो आम्लं हवीत; आणि पोटातून ती पुरेशी येईनात. शरीराकडे त्यांचं वेगळं कोठार नसतं. मग ते आम्हालाच हात घालतं. रोज शेजारची एखादी साखळी सुटायची आणि तिचे मणी रक्तातून निघून जायचे. मांडी सुकत चालली. आज माझी पाळी तर नाही ना, एवढाच घोर.

जेवण तर वेळेवर येत होतं! त्याची थोरली बहीण अक्का त्याचं जिवापाड करत होती. एकदा पट्टी बदलायला आलेल्या सिस्टरनं वाटीत डोकावून पाहिलं.

"अक्का, यातली डाळ कुठे गेली?"

"गाळून काढली. आजाऱ्याला जड पडते. सत्त्व सगळं पाण्यात उतरलंय."

"आणि चोथा?"

"मांजरीला घालते."

"तरीच!" गवंडी उशीवरून म्हणाला. "ती दारात मावेना, आणि इथे माझी विजार घसरतेय!"

सिस्टर हसली नाही. "सत्त्व त्या चोथ्यातच राहतं, अक्का. अशानं जखम भरायची नाही. पाय जाईल हो यांचा."

अक्कानं वाटी उचलून पाहिली. "म्हणजे मीच उपाशी ठेवला गं याला?"

त्या दिवसापासून डाळ मऊ शिजवून, घोटून, सगळीच्या सगळी त्याच्या पोटात जाऊ लागली. जोडीला अंडं. जखमेच्या कडा हळूहळू जवळ आल्या. माझा घोर मात्र गेला नाही. आम्ही फार थोडी उरलो होतो.

आज अक्काच्या खांद्यावर भार टाकून तो उभा राहिला. मांडी लटलट कापली. आता कोसळतो, असं वाटलं. आम्ही उरलेल्यांनी धरून ठेवलं. त्यानं एक पाऊल टाकलं.

मित्रांनो, आजाऱ्याला मायेनं भरवा, पण वाटीत काय उरलंय तेही बघा. माझी साखळी आज ना उद्या सुटणारच. त्याचं दुःख नाही. फक्त माझे मणी नवं काही घडवायला लागोत, उपासमार झाकायला नकोत.