चौथा नंबर

तिने स्टॉपवॉचचं बटण दाबलं, आकडा पाहिला आणि वहीत लिहिण्याआधी काच अंगठ्याने पुसून तो पुन्हा पाहिला. सहा-सात.

भावाची निळी गाडी पाण्याच्या टाकीजवळचं वळण घेऊन केव्हाच पुढे निघून गेली होती. पांढऱ्या पट्ट्यापासून भिंतीच्या टोकापर्यंतचा हा तुकडा ती अकरा वर्षं याच बाकावर बसून मोजत आली होती. तिचा भाऊ तो सहा सेकंद आणि एका दशांशात काढायचा. तिच्या भाषेत सहा-एक. ओला रस्ता असो की झिजलेले टायर, सहा-दोनच्या वर त्याला तिने क्वचित पाहिलं होतं. आणि आता सलग चौथ्या शर्यतीत सहा-सात.

"पुन्हा चौथा येणार बघा," शेजारी बसलेले काका म्हणाले. काका म्हणजे निवृत्त टपालवाले. आयुष्यभर दारोदार चालल्यामुळे आता ते फक्त बसून बघायच्या गोष्टी करायचे.

"अजून पाच फेऱ्या आहेत."

"असू देत की. पहिल्या तिघांच्या बुडाखाली शिसं. चौथा मोकळा. हिशेब सोपा आहे, बाई."

या मालिकेचा नियम लहान मुलालाही कळेल असा होता. पहिल्या तीन नंबरांत आलेल्या गाडीत पुढच्या शर्यतीसाठी शिशाच्या पट्ट्या ठोकायच्या: पहिल्याला चाळीस किलो, दुसऱ्याला तीस, तिसऱ्याला वीस. जिंकलास ना, मग आता वजन उचलून जिंकून दाखव. तिला ही मालिका आवडायची ती याचसाठी. महिन्याआड याच ट्रॅकवर याच गाड्यांची दुसरीही मालिका व्हायची. सगळे तिला 'मोकळी' म्हणत. तिच्यात शिसं नव्हतं, काही नव्हतं. जो वेगवान तो पहिला, तोच दर वेळी. मुंग्यांची रांग बघावी तसं होतं ते, असं तिचं मत. काकांना दोन्ही पसंत नव्हत्या. टीव्हीवर कुठल्याशा देशातली टूरिंग कारची शर्यत त्यांनी पाहिली होती, तिथे जिंकणाऱ्यांना पुढच्या वेळी मागून सुरुवात करायला लावत. "ती खरी गंमत," ते म्हणायचे, आणि मग दोघांचं अर्धा तास भांडण चालायचं. आज मात्र तिला भांडणात रस नव्हता.

"शेवटच्या शर्यतीला दुप्पट गुण," काका झेंड्याकडे बघत म्हणाले. "तोवर हलकं राहायचं आणि शेवटी मुसंडी मारायची. मी नाही म्हणत. तिकडे स्टँडमध्ये, पत्र्याखाली लोक म्हणतात."

निळी गाडी चौथी आली.

पंधरा दिवसांनी, शनिवारी दुपारी, तिने दुकानाला कुलूप लावलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा 'मोकळी' बघायला गेली. भावाला सांगितलं नाही. बाकावरही गेली नाही. स्टँडमध्ये, पत्र्याखाली, अगदी मागच्या रांगेत, डोक्यावर कुणाची तरी जुनी टोपी घालून बसली. तिथून टाकीचं वळण तिरकं दिसायचं, पण पांढरा पट्टा आणि भिंतीचं टोक दोन्ही दिसायचं.

या मालिकेत मागे राहून कुणाचाच फायदा नव्हता. म्हणजे इथेही तो सहा-सातच काढत असेल, तर गाडीत काहीतरी बिघाड आहे. मग लोकांच्या तोंडावर वही आपटता येईल. ती मनातल्या मनात बिघाड मागत होती. ब्रेक, गिअर, काहीही.

पहिली फेरी सहा-एक. दुसरी सहा-एक. तिसऱ्या फेरीत समोरच्याला आतून गाठताना सहा-शून्य. पुढच्या रांगेतले लोक उठून ओरडले. ती बसून राहिली. भाऊ दुसरा आला.

घरी जाऊन तिने वहीत दोन रकाने आखले. डावीकडे वजनवाली, उजवीकडे मोकळी. तोच माणूस, तीच गाडी, तेच वळण. रकान्यांच्या खाली तिने रेघ मारली आणि पेन्सिल इतकी दाबली गेली की टोक मोडलं.

दोन दिवसांनी भाऊ दुकानात आला. दुकान म्हणजे गाड्यांची सीट-कव्हरं शिवायची एक लांबट खोली. एका भिंतीला रेक्झिनचे गुंडाळे उभे, मधोमध जाड सुईचं मशीन. त्याने आपला शर्यतीचा सूट टेबलावर टाकला.

"ताई, चेन अडकते. बघतेस?"

तो छत्तीस वर्षांचा होता, तरी तिच्या तोंडी 'बाळ्या'च होता. आईवडील गेल्यावर गाडी शिकवली ती तिनेच. रिकाम्या मैदानात, शेजारून हँडब्रेकवर हात ठेवून. तिने सूट उलटा केला, चेनचे दात बोटाने चाचपले.

"मोकळी आवडते का रे तुला आजकाल?"

"का?"

"नाही, दुसरा आलास म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"लोक बोलतात." तिने पकडीने चेनचं डोकं आवळलं. "वजनवालीत मात्र चौथा. सारखा चौथा. तिसरा नाही, पाचवा नाही."

तो स्टुलावर बसला. रेक्झिनच्या कापलेल्या तुकड्यांतून एक उचलून त्याची घडी घालू लागला. घडी उलगडायची, पुन्हा घालायची.

"तू तिथेच बसतेस ना अजून? टाकीपाशी?"

"कुठे बसणार मग?"

"स्टँडमध्ये बसत जा ना, ताई. पत्र्याखाली. बरं पडेल."

"कुणाला बरं पडेल?"

त्याने वर पाहिलं आणि हसला. लहानपणी काच फोडून आला की असाच हसायचा.

"तिथून आकडे नीट दिसत नाहीत, म्हणून सांगतोयस?" ती म्हणाली.

"नाही गं."

"मग?"

"काही नाही. चेन झाली?"

तिने सूट त्याच्याकडे सरकवला. एरवी ती दाराशी येऊन तो वळेपर्यंत उभी राहायची. त्या दिवशी मशीन सुरू केलं. सुईखाली काहीच नव्हतं, हे तिच्या चार टाके पडल्यावर लक्षात आलं.

त्याच आठवड्यात काका एका माणसाला घेऊन आले. करडा शर्ट, खिशाला दोन पेनं, कपड्यांवर कुठेही सुरकुती नाही. आयोजकांचे तपासनीस. काका ओळख करून देऊन लगेच बाहेर गेले आणि पायरीवर पाठमोरे बसून राहिले, कान मात्र आत.

"निनावी तक्रार आली आहे," तपासनीस म्हणाले. "जाणूनबुजून मागे राहण्याची. सिद्ध झालं तर वर्षभर परवाना जातो, आणि त्याच्या गाडीच्या मालकाने आत्ताच सांगून ठेवलंय, असा ड्रायव्हर मला नको. तुमच्या वहीबद्दल ऐकलंय."

"भाऊ आहे माझा."

"म्हणूनच आलो. तुम्ही खोटा आकडा लिहीत नाही, असं सगळे सांगतात. भावाचासुद्धा."

तिने हात पुसले. वही खणात होती, खण तिच्या गुडघ्याला टेकलेला. तो उघडायला तिला जितका वेळ लागला, तितका वेळ तपासनीस भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही रकाने वाचले. बोट रेघेवर आलं तसं थांबलं.

"हे पुरेसं नाही," ते म्हणाले. "एकाच वळणाचं आहे. रविवारी टाकीपाशी मी उभा राहतो. तुम्ही 'कात्री'वर जा. तिथेही हळू जातो का, बघू. मग आकडे जुळवू. भावाला कळता कामा नये."

"नाही कळणार," ती म्हणाली, आणि आपण ते इतक्या सहज म्हणालो याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

कात्री म्हणजे ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाचं डावं-उजवं दुहेरी वळण. गर्दी बरीच, माणसं तीन-तीन ओळींत. ती मागे उभी राहून टाचा उंचावून मोजत होती. आभाळ सकाळपासून भरून आलेलं, पण पाऊस नव्हता. निळी गाडी पाचव्या जागेवरून सुटली.

पहिली फेरी चार-आठ. दुसरी चार-आठ. तिसरी चार-सात. कात्रीसाठी हे आकडे उत्तम होते. म्हणजे इथे नाही, फक्त टाकीपाशीच खेळ करतो, तिने मनात म्हटलं. हुशार आहे बाळ्या. एकाच जागी चोरी केली की कुणाच्या डोळ्यावर येत नाही. आपण शिकवलेला मुलगा इतका हुशार निघावा, याचा तिला राग आला.

चौथ्या फेरीआधी पुढचा उंच माणूस पाणी आणायला गेला आणि ती थेट कुंपणाशी आली. निळी गाडी वळणात शिरली. चार-आठ. जाता जाता खिडकीतलं हेल्मेट तिच्याकडे वळलं. क्षणभरच. मग गाडी गेली.

पाचवी फेरी पाच-चार.

तिने घड्याळ कानाशी धरलं, जणू त्यातच काही बिघडलं असावं. सहाव्या फेरीला तिने आकड्याकडे न बघता गाडीकडेच बघितलं. ब्रेकचे दिवे लागायच्या जागेच्या किती तरी आधी लागले. गाडी कुंपणापासून लांब, आतल्या कडेला चिकटून, एखाद्या शाळेसमोरून जावी तशी गेली. दोन गाड्या तिला ओलांडून पुढे सरकल्या. पाच-पाच.

चौथ्या फेरीपर्यंत ठीक. पाचव्यापासून हळू. मध्ये काय झालं, तर ती पुढे येऊन उभी राहिली.

मोसमातली पहिली शर्यत तिने हिशेबात कधी धरलीच नव्हती, कारण ती अर्ध्यात थांबली होती. सातव्या फेरीत कुणाच्या तरी गाडीचं चाक निखळलं, टाकीपाशी उसळून जाळीवरून आलं आणि बाकाच्या पलीकडचा खांब मोडून पडलं. तिच्यापासून चार पावलांवर. तिने वहीत लिहिलं होतं: 'लाल झेंडा, मोजणी रद्द.' आणि भाऊ पिटमध्ये, गाड्या थांबवायच्या जागेत, गाडी तशीच सोडून, हेल्मेटसकट, गवतातून धावत तिच्यापर्यंत आला होता. ती त्याच्यावर खेकसली होती. गाडी सोडून कशाला आलास, दंड बसेल ना. तो जाळीला धरून उभा होता, धाप लागलेला, आणि तसाच परत गेला होता. हेल्मेटमुळे त्याचा चेहरा तिला दिसला नव्हता.

पुढच्या शर्यतीपासून सहा-सात.

दूरवर गाड्यांचा आवाज पुन्हा वाढू लागला. तिने वही बंद केली, माणसांना कोपराने बाजूला सारत मागे निघाली आणि तिथल्या सिमेंटच्या स्टँडच्या पोटात, जिन्याखाली जाऊन उभी राहिली. तिथे झाडू आणि मोडक्या खुर्च्या होत्या. तिथून कुणी दिसत नव्हतं आणि कुणाला ती दिसत नव्हती.

सातव्या फेरीला गाडी कात्रीपाशी सावकाशच आली, हे तिला आवाजावरून कळलं. ती कुंपणापाशी नाही, हे त्याला अजून दिसायचं होतं. आठव्या फेरीला इंजिन शेवटपर्यंत ताणलं गेलं आणि मग ब्रेक लागले. उशिरा. तिने त्याला शिकवलं होतं त्यापेक्षाही उशिरा. तिने भिंतीला हात टेकला. नवव्या फेरीला लोक ओरडले. बाराव्याला पुन्हा ओरडले, या वेळी जास्त. घड्याळ तिच्या खिशात होतं. ते काढावंसं तिला वाटलं नाही.

लाउडस्पीकरवर निकाल जाहीर झाला. निळी गाडी दुसरी. तीस किलो.

ती बाहेर आली तेव्हा तपासनीस तिला शोधतच येत होते. मागून काका, बोलायला अधीर.

"शिसं ओढवून घेतलं पोराने," काका म्हणाले. "मी म्हणतच होतो, लोक काहीही बोलतात."

तपासनिसांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. "टाकीपाशी सगळ्या फेऱ्या सहा-एक," ते तिला म्हणाले. "बोट ठेवायला जागा नाही. कात्रीचं काय?"

तिने वही दिली. त्यांनी एकेक आकडा पेनाच्या टोकाने तपासला.

"चार चांगल्या. पाच आणि सहा एकदम वाईट. पुढे?"

"पुढे नाही."

"नाही म्हणजे?"

"मोजलं नाही. निघून गेले."

"अकरा वर्षांत कधी मध्येच उठला नव्हतात म्हणे तुम्ही."

"नव्हते."

"मग आज का?"

पिटच्या बाजूला भाऊ हेल्मेट काखेत धरून गर्दीत मान उंच करून पाहत होता. एकदा टाकीकडे, एकदा कात्रीकडे. तिने त्याच्याकडे पाठ केली.

"ऊन लागत होतं," ती म्हणाली.

तपासनिसांनी वर भरलेल्या आभाळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. काका खोकले. तपासनिसांनी खिशातून आपली छोटी वही काढली, ती छातीशी आडवी धरून, तिला दिसणार नाही अशी, त्यात दोन ओळी लिहिल्या आणि मिटली.