पत्रावळीआडचा आदाम

रविवारी दुपारी सोलापुरातल्या त्या लहानशा चर्चमागे, एकुलत्या एका संडासापुढे मंडळी रांगेत उभी होती. उपासनेला ती इतकी तत्परतेनं कधीच आली नव्हती.

पाळकांची बायको दिपाली नाकाला पदर लावून मटणाच्या पातेल्याकडे बघत होती. वर पिवळट फेस. कुत्रीसुद्धा हुंगून मागे फिरत होती.

सातव्या दिवशी देवानं विसावा घेतला, तर आपण का नको, असं म्हणून सेक्रेटरी सयाजीरावांनी प्रीतिभोजनाचं मटण शनिवारीच शिजवून घेतलं होतं. एप्रिलची रात्र, बंद हॉल, घट्ट झाकण. सकाळी स्वयंपाकीण कमलम्मानं झाकण काढलं आणि दिपालीला हाक मारली. दिपालीनं नवऱ्याला सांगितलं. "उपासना होऊ दे, मग बघू," म्हणून पाळक अभिमन्यू वेदीवर गेले आणि एदेन बागेवर, पानांआड लपलेल्या आदामावर तासभर बोलले. "आदामाचं खरं पाप फळ खाण्यात नव्हतं, मंडळीहो, हव्वेकडे बोट दाखवण्यात होतं!"

मग डोळे मिटून त्यांनी अन्नावर आशीर्वाद मागितला. आशीर्वाद मागितलेलं अन्न टाकायचं नाही, ही तिथली रीत. दिपालीनं तोंड मिटून वाढलं. पाळकांनी स्वतः भात आणि कांदा खाल्ला.

आता हॉलमध्ये पंचकमिटी बसली होती.

"आदल्या दिवशी शिजवा म्हणून कुणी सांगितलं?" पंच गुरप्पांनी पोट धरून विचारलं.

"आमच्या हिनं," सयाजीराव म्हणाले. "रविवारी कांदं चिरायला जमायचं न्हाय म्हणाली की."

"अवं, मी?" राजनंदिनीबाई उसळल्या. "ही कमलम्माच म्हणाली, रातभर मुरलं की लई चव येती!"

सगळ्यांनी कमलम्माकडे पाहिलं. विचारलं कुणीच नाही.

"हिला आता चर्चच्या स्वयंपाकाला बोलवायचं न्हाय," सयाजीरावांनी सांगून टाकलं. चर्चमधल्या लग्नकार्यांवरच कमलम्माची चूल पेटत होती.

बायबलच्या उत्पत्तीतही असंच आहे, दिपालीला आठवलं. देव आदामाला विचारतो, हव्वेला विचारतो. सापाला विचारत नाही, थेट शिक्षाच सुनावतो.

"पाळकसाहेब, तुमाला कुणी काय बोललं नव्हतं?" गुरप्पांनी विचारलं.

कोऱ्या पत्रावळीनं वारा घेणारे अभिमन्यू थांबले. पत्रावळ पोटावर आली. "दिपाली काहीतरी म्हणाली होती. पण बायकांचं कसं असतं, नीट सांगतच नाहीत."

दिपालीनं नाकावरचा पदर खाली केला.

"नीट सांगते," ती म्हणाली. "कमलम्मा सकाळीच म्हणाली, नासलंय, फेकू या. मी यांना सांगितलं. यांनी आशीर्वाद मागितला आणि भात-कांदा खाल्ला. नासलंय हे माहीत असून वाढलं मी. काढायचं तर आम्हा दोघांना काढा."



"कमलम्मा ऱ्हाऊ दे," गुरप्पा घाईनं म्हणाले आणि रांगेकडे पळाले.

"चारचौघांत बोलायची काय गरज होती?" अभिमन्यू पुटपुटले. पत्रावळ अजून पोटावरच होती.

दिपालीनं दाराबाहेरच्या पातेल्याची एक कडी धरली, दुसरी कमलम्मानं.

"फावडं घ्या," दिपाली नवऱ्याला म्हणाली. "आदामालाही शेवटी मातीच खणावी लागली."