दोन बिर्केनवेग

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून विनफ्रीड दुपारभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी एक छोटा रेडिओ लावून बसायचा. त्यावर पोलिसांचं आणि रुग्णवाहिकांचं आपसातलं बोलणं ऐकू यायचं. ते असं चोरून ऐकणं जर्मनीत गुन्हा, आणि जावई फोल्कर स्वतःच पोलिसात.

"पप्पा, कुणाला कळलं तर माझ्या नोकरीवर गदा येईल हं," असं त्यानं बजावलं होतं. विनफ्रीड मान डोलवायचा आणि जावयाची गाडी वळणाआड गेली की पुन्हा बटण फिरवायचा.

सप्टेंबरातली दुपार होती. बायको गेर्डा ओट्याशी प्लम चिरत होती. रेडिओ खरखरला. बिर्केनवेग चार, म्हातारा माणूस कोसळलाय, वाचा गेलीय. रुग्णवाहिकेवाला म्हणाला, "निघालो, चर्चवरून खाली उतरतोय."

विनफ्रीडनं आवाज मोठा केला. दोन गावांची मिळून एक पंचायत झाल्यापासून बिर्केनवेग नावाचे रस्तेही दोन झाले होते, एक वरच्या गावात, एक खालच्या. वरच्या बिर्केनवेगवर चार नंबरात आल्विन राहायचा, तरुणपणापासूनचा त्याचा पत्त्यांतला भिडू. खालच्या चार नंबरात तर एक तरुण जोडपं होतं.

"अरे, चुकलेत ते! फोन कर ना!" गेर्डा म्हणाली.

त्यानं रिसीव्हर उचलला आणि परत ठेवला. "तुम्हाला कसं कळलं विचारतील. काय सांगू? फोल्करचं काय होईल?"

"मग मी करते."

"हात लावू नकोस!" तो खेकसला. "दार उघडलं की कळेलच त्यांना."

गेर्डा चाकू हातात धरून तशीच उभी राहिली. दोघंही रेडिओकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं आवाज आला, "इथे कुणीच आजारी नाही." तेव्हा कुठे विनफ्रीड सायकल काढून सुटला.

आल्विन जमिनीवर पडला होता, तोंड एका बाजूला ओघळलेलं. त्याची बायको इर्मगार्ट त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "आलास! देवासारखा आलास रे!" म्हणून तिनं विनफ्रीडचा हात गच्च धरला. रुग्णवाहिका नंतर आली.

आल्विन जगला, पण उजवं अंग गेलं आणि शब्दही गेले. जरा आधी आणलं असतं तर, एवढंच डॉक्टर म्हणाले.

इर्मगार्ट मात्र बेकरीत, चर्चच्या पायऱ्यांवर, भेटेल त्याला सांगत सुटली, "सायरनच्या आधी विनफ्रीड पोचला!" लोक त्याची पाठ थोपटायचे आणि त्याला भाजल्यासारखं व्हायचं. घरी गेर्डा कामापुरतं बोलायची. रेडिओ त्यानं तळघरात नेऊन टाकला, तरी दुपारी कान तिकडेच लागायचे.

तो रोज आल्विनकडे जाऊन बसू लागला. एकदा कॉफी ओतता ओतता इर्मगार्टनं सहज विचारलं, "मी तर तुला फोन केलाच नव्हता. तुला कळलं कसं रे?"

जवळून चाललो होतो, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण आल्विन त्याच्याकडे बघत होता.

"रेडिओवर ऐकलं," विनफ्रीड म्हणाला.

इर्मगार्टनं किटली खाली ठेवली. "म्हणजे ते खालच्या गावात चाललेत, हेही ऐकलंस?"

"ऐकलं."

"आणि फोन?"

फोल्करचं नाव ओठांवर आलं होतं, ते त्यानं गिळलं.

आल्विनच्या घशातून काहीतरी आवाज निघाला. शिवी होती की नुसता खोकला, दोघांनाही कळलं नाही. इर्मगार्टनं विनफ्रीडचा भरलेला कप उचलला आणि मोरीत रिकामा केला.

तो टोपी घेऊन दाराशी पोचला तेव्हा ती पाठमोरीच म्हणाली, "गुरुवारी ये. त्याला अंघोळीला उचलायचं असतं, मला एकटीला झेपत नाही. गप्पा मारायला येऊ नकोस."

गुरुवारी तो गेला. बाह्या सरसावून त्यानं आल्विनला काखेत हात घालून उचललं. कॉफीचं कुणी विचारलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. तरी तो जात राहिला.