माझी वही कुणी उघडेना

मित्रांनो, दवाखान्याच्या जिन्याखाली एक लोखंडी कपाट आहे. त्यातून घरघर ऐकू येते ना, ती माझ्या पंख्याची. मी फायरवॉल, नऊ वर्षं जुनी. या खोलीतल्या संगणकाकडून त्या खोलीकडे जे जे निघतं, ते माझ्या हातून जातं. वाईट असेल ते मी दारातच थांबवते, चांगल्याला वाट दाखवते.

वाट शोधणारा माझ्या पोटातच राहतो. त्याला आभासी राउटर म्हणतात. तो हाताला लागत नाही, पण त्याची वाटांची वही पडद्यावर उघडून बघता येते. कुठे जायचं, कुणाच्या हाती द्यायचं आणि त्या वाटेचा आकडा किती, असं तीत ओळीने लिहिलेलं असतं. एकाच ठिकाणाला दोन वाटा असल्या, तर आम्ही लहान आकड्याची धरतो आणि तिच्यापुढे खूण करतो. हा आमचा नेम. तो मी एक दिवसही मोडलेला नाही.

नवी होते तेव्हा पाहुण्यांना कपाट उघडून मला दाखवत. "ही आहे म्हणून आपण निर्धास्त," असं मोठे डॉक्टर म्हणाले होते. आता कपाटाला टेकून फरशी पुसायची बादली ठेवतात.

गेल्या महिन्यात हाडांचे डॉक्टर अंगणापलीकडच्या नव्या इमारतीत गेले. नेटवर्कचं काम बघणाऱ्यांना इथे सगळे दादा म्हणतात. त्यांनी मला नवी वाट लिहून दिली, आकडा वीस. डॉक्टरांकडे जाणारी जुनी वाट मात्र पुसली नाही. तिचा आकडा दहा. ती नेटवर्कच्या ज्या डब्याकडे जायची, तो डबा त्याच संध्याकाळी भिंतीवरून काढून नेला. आता सांगा, मी कुठली वाट धरणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वर्षांची एक मुलगी आली. झोपाळ्यावरून पडली होती, कोपर सुजून टम्म झालं होतं. एक्स-रेवाल्या ताईंनी चित्र काढून डॉक्टरांकडे पाठवलं. मी ते घेतलं, वही पाहिली आणि जुन्या दाराशी जाऊन हाका मारल्या. तिथे ओ द्यायला होतं कोण? भिंतीत चार भोकं तेवढी उरली होती. चित्र वाटेतच गळालं. ताईंनी पुन्हा पाठवलं, पुन्हा गळालं.

मुलीची बोटं गार पडायला लागली. डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनला उभे होते, त्यांना हलता येईना. ताईंनी मोबाइलवर फोटो काढून धाडला, तर फोनवर उत्तर आलं, "यात बारीक तडा दिसत नाही हो. मूळ चित्र पाठवा. प्लास्टर घालायचं की ऑपरेशन करायचं, ते त्यावर ठरेल. आणि लवकर!"

दादा धावत आले. आल्या आल्या मला बंद करून चालू केलं. सगळा दवाखाना दहा मिनिटं खोळंबला. मी उठले, वही वाचली, त्याच दाराशी गेले. मग दुसऱ्यांदा बंद. मग तिसऱ्यांदा.

"झालंय तरी काय, दादा?" ताईंनी विचारलं.

"म्हातारी अडून बसलीय, दुसरं काय!" दादांनी माझ्या पाठीत एक थापटी घातली. मग त्यांनी मला दिलेल्या हुकुमांचं पान उघडून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा, नवी वाट लिहिलेली आहे. मी स्वतः लिहिली. चूक हिची."

वरच्या ओळींकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मला तोंड असतं तर ओरडले असते, की दादा, तुमचं पान पुरे झालं, माझी वही उघडा!

मुलीचे आजोबा दारात उभे होते. ते म्हणाले, "अहो, मध्ये एवढंसं अंगण. तेवढं ओलांडता येईना का तुमच्या यंत्राला?"

दादांनी पुन्हा माझ्या बटणाकडे हात नेला. ताई मात्र हळूच म्हणाल्या, "तुम्ही तिला काय सांगितलंत ते दिसलं. ती खरंच कुठल्या वाटेने पाठवतेय, ते कुठे दिसतं का?"

"दिसतं की. आभासी राउटरच्या वहीत..." दादा बोलता बोलता थांबले. मग त्यांनी वही उघडली. डॉक्टरांकडच्या दोन ओळी एकाखाली एक होत्या. खूण होती दहाच्या वाटेपुढे.

"जुनी पुसायची राहिली," दादा पुटपुटले.

"मग हिला तीन वेळा झोपवलंत ते कशासाठी?" ताई म्हणाल्या.

दादांनी ती ओळ पुसली. मी खूण वीसच्या वाटेपुढे केली आणि चित्र दोन सेकंदांत अंगण ओलांडून गेलं. फोन वाजला. "दिसलं! मुलीला ताबडतोब घेऊन या." ऑपरेशन झालं. दुपारी ताई आजोबांना सांगत होत्या, की बोटं ऊबदार झाली. माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी दादांना कारण विचारलं. दादा म्हणाले, "मशीन जुनं झालंय साहेब. अडतं मधूनमधून." माझ्या अंगावर आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, 'बदलणे'.

मित्रांनो, जुन्याची जागा नवं घेणारच, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण सांगितलेलं मुकाट्याने करणाऱ्याला बोल लावण्याआधी, आपण त्याला काय काय सांगून ठेवलंय आणि तो त्यातलं काय धरून चाललाय, एवढं तरी बघा. माझी वही काही लपवलेली नसते. त्या दिवसानंतर मात्र ती कुणी उघडलेली नाही. पुढच्या महिन्यात रक्ततपासणीची खोली नव्या इमारतीत जाणार आहे. नवी वाट दादांनी लिहून ठेवलीय, आकडा वीस. वरच्या ओळीत जुनी आहेच, दहाची.